तीन गुण कमी

धामणखोऱ्यात पोरीला स्थळ मिळवणं एक वेळ सोपं, पण कोंबडीचं पिल्लू मिळवणं महाकठीण, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टेचा भाग सोडला तर त्यात खोटं काही नव्हतं. मुलगी बघायला पाहुणे येतात, पोहे खातात आणि तासाभरात जातात. पिल्लू मागणाऱ्याच्या घरी सरकारी निरीक्षक निवृत्ती माने यायचा, तीन दिवसांसाठी कानोसा लावून जायचा, आणि चौथ्या दिवशी तो जो आकडा सांगेल तो दगडावरची रेघ.

हे असं पूर्वी नव्हतं. पूर्वी बाजाराच्या दिवशी पाटीतून गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं विकायला यायची. पोरं हट्ट करायची, आईबाप दहा रुपये काढून द्यायचे, पिल्लू चपलांच्या खोक्यात घरी जायचं आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मग पिसारा ताप आला. गारठलेल्या, अर्धमेल्या, कोंदट खोक्यात ठेवलेल्या पिल्लांमध्ये तो बळावला आणि त्या पिल्लांना छातीशी धरून झोपणाऱ्या पोरांमध्ये शिरला. एकट्या धामणखोऱ्यात नऊ पोरं गेली. त्यानंतर कायदा झाला, की ज्याची तयारी नाही त्याला पिल्लू नाही. निवृत्तीनं त्या नऊ पोरांपैकी चौघांची प्रेतं उचलून गाडीत ठेवली होती. कायदा जाचक आहे असं कुणी म्हणालं की तो वाद घालत नसे, फक्त त्या चौघांची नावं सांगत असे.

कानोसा म्हणजे डब्याएवढं एक यंत्र. पिल्लाला थंडी वाजली, भूक लागली किंवा ते एकटं पडलं की त्याची हाक मोठी आणि लांब होते, वरच्या पट्टीत सुरू होऊन खाली घसरते. पोट भरलेलं, उबेत बसलेलं पिल्लू बारीक, तुटक आणि वर चढणारा आवाज काढतं. लाखो पिल्लांचे आवाज ऐकवून यंत्राला हा फरक शिकवलेला होता. यंत्राबरोबर तीन कापडी पिल्लं यायची. पोटात उष्णता मोजणारी चकती, चोचीत ओल कळणारी तार. गार पडली की ती खऱ्या पिल्लासारखीच हंबरडा फोडायची, आणि घरातलं माणूस किती वेळात उठतं ते कानोसा टिपून ठेवायचा. आवाजाला चाळीस गुण, ऊब देणाऱ्या साधनाला पंचवीस, पाणी आणि तुसाच्या अंथरुणाला वीस, आणि मोठ्या पक्ष्यांपासून पिल्लं वेगळी ठेवण्याला पंधरा. साठ मिळाले की परवाना. शिवाय निरीक्षकाच्या हातात पाच गुण असत, त्याला काही वेगळं दिसलं तर द्यायला. निवृत्तीनं चार वर्षांत ते पाच गुण कुणालाही दिले नव्हते. एकदा दिले की उद्या सगळं खोरं दारात उभं राहील, असं तो म्हणे.

त्याच्या आक्कालाही त्यानं ते दिले नाहीत.

आक्का म्हणजे चांगुणा, त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा निवृत्ती अकरा महिन्यांचा होता. आक्कानं त्याला काखोटीला मारून शेण काढलं, पाणी भरलं, आणि तो शाळेत जायला लागेपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. आता ती वाघजाईच्या वाडीत एकटी राहायची. तिच्याकडे एक म्हातारी तांबडी कोंबडी होती, तपासलेली, पायात सरकारी कडं घातलेली, आणि ती कोंबडी खुडूक व्हायची.

हे खुडूक होणं आताशा फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचा रस पाझरू लागला की कोंबडी अंडी घालायची थांबते, पोटाची पिसं उपटून उघडी कातडी अंड्यांना लावते आणि एकवीस दिवस जागची हलत नाही. कारखान्यांना अशी बसून राहणारी कोंबडी परवडत नाही. त्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून तिच्यातलं आईपण काढून टाकलं. मग अंडी उबवायला यंत्र आलं, पिल्लांना ऊब द्यायला यंत्र आलं, आणि यंत्र चालवता येतं की नाही ते बघायलाही यंत्र आलं.

तीन आठवड्यांपूर्वी आक्कानं अर्ज केला होता. निवृत्तीनं कापडी पिल्लं तिच्या हातात दिली, तिनं ती कोंबडीच्या पोटाखाली सरकवली आणि ती आपल्या कामाला लागली. तीन दिवसांत एकही पिल्लू एकदाही ओरडलं नाही. आवाजाचे चाळीसपैकी चाळीस. असं खोऱ्यात कधीच झालं नव्हतं. पण ऊब देणारं साधन यंत्राला सापडेना, कारण त्याच्या यादीत वीज, गॅस आणि कोळसा एवढंच होतं. तिथे शून्य. मोठा पक्षी पिल्लांच्या अंगावरच बसलेला, तिथेही शून्य. पाण्या-अंथरुणाचे सतरा धरून एकूण सत्तावन्न.

निवृत्ती तो आकडा बराच वेळ बघत राहिला होता. सहा वर्षांचा असताना त्यानं बाजारातून एक गुलाबी पिल्लू आणलं होतं. आक्कानं ते अंधार पडल्यावर खुडूक कोंबडीखाली ढकललं होतं आणि त्याचा पुढे पांढराशुभ्र कोंबडा झाला होता. कोंबडी पिल्लू वाढवते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण बहिणीसाठी हात सैल सोडला असं कुणी म्हणायला नको, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ‘अपात्र’ असं लिहिलं. किती गुण कमी पडले ते आक्कानं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. तिनं फक्त, बरं, एवढंच म्हटलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्या मंगळवारी सकाळी उबवणी केंद्रात चौसष्ट पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. काळ्या धामणीची. धामणी ही खोऱ्याची मूळ कोंबडी, स्वतःची अंडी स्वतः उबवणारी, वीज किंवा परवाना न मागणारी. तापाच्या साथीत ती संपली असंच सगळे धरून चालले होते. केंद्रात तेवढे पंधरा पक्षी उरले होते, आणि मागच्या महिन्यात त्यांच्यातही ताप निघाल्यावर तेही पुरावे लागले. ही चौसष्ट अंडी त्याच्या आधीची, धुऊन तपासून ठेवलेली. जगात दुसरी नाहीत. जिल्ह्याच्या अधिकारी डॉ. वैजयंती घोरपडे फोनवर म्हणाल्या, “माने, सर्वांत जास्त गुणांची चार घरं निवडा. एकही पिल्लू जाता कामा नये.” निवृत्तीनं सोळा-सोळाची चार खोकी केली आणि दुपारपर्यंत पोचवून टाकली.

संध्याकाळी वादळ आलं. माघात वादळ यायचं काही कारण नव्हतं, पण अलीकडे हवामान कुणाचं ऐकत नव्हतं. गारांनी डोंगरावरच्या, वीज करणाऱ्या सूर्यपट्ट्यांचा चुरा केला, खांब आडवे झाले आणि सगळं खोरं अंधारात गुडुप्प झालं. कायद्यानं चार तासांच्या बॅटरीची अट घातली होती. या चार घरांत आठ तासांची होती, म्हणून तर ती निवडलेली. बुधवारी सकाळी निवृत्ती उठला तेव्हा कानोशांची खबर देणाऱ्या त्याच्या बिनतारी पेटीवर चारही घरांचे दिवे तांबडे झालेले होते. कानोसा स्वतःच्या बॅटरीवर चालू होता. तो इमानदारीत ऐकत होता आणि कळवत होता, की पिल्लं ओरडतायत.

पहिल्या घरी पोचेपर्यंत तिथला दिवा विझला. पिल्लं ओरडायची थांबली की दिवा विझतो. त्या घरातल्यांनी बंद खोलीत कोळसा पेटवला होता. ऊब झाली, पण धुरानं सोळाही पिल्लं माना टाकून पडली होती. दुसऱ्या घरात ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरली होती. तिसऱ्या घरातल्या माणसानं दार उघडलं नाही. आतून नुसतं सांगितलं, की नका बघू, साहेब. ही बेफिकीर माणसं नव्हती. त्यांनी जे जे करायला शिकवलं होतं ते सगळं केलं होतं, आणि जे शिकवलं नव्हतं ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

चौथं घर वासंती मोकाशींचं. निवृत्त शिक्षिका, शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण, भिंतीवर तपमानाचा तक्ता. बाईंनी रात्रभर गरम पाण्याच्या पिशव्या बदलल्या होत्या. पाणी तापवायचा गॅस पहाटे संपला. त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलात अकरा पिल्लं जिवंत होती. बाकीची पाच त्यांनी वर्तमानपत्रात ओळीनं ठेवली होती.

“मी कुठे चुकले ते सांगा मला,” त्या म्हणाल्या. “मी वहीत सगळं लिहून ठेवलंय.”

निवृत्तीनं अकरा पिल्लं वेताच्या टोपलीत घेतली, वर स्वतःची कानटोपी टाकली, भिंतीवरचा कानोसा काढून पिशवीत घातला. एवढ्या हुशार यंत्राला आणि एवढ्या शिकल्या-सवरलेल्या माणसांना जे जमलं नाही ते कुठे होईल, हे त्याला कळत होतं. ते त्याला पहिल्या घरीच कळलं होतं, पण आक्काला तोंड कसं दाखवायचं म्हणून त्यानं आधी उरलेली तीन घरं हिंडून घेतली होती. आता तो स्वतःलाच शिव्या घालत गाडी हाणत होता.

वाघजाईच्या वाडीचा रस्ता ओढ्यापाशी वाहून गेला होता. त्यानं गाडी तिथेच टाकली आणि टोपली डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला. टोपलीतून ती हाक येत होती, लांब, खाली घसरत जाणारी. चढ चढताना ती बारीक होत गेली. आवाज बारीक झाला की तो आणखी भराभर पाय उचलायचा, कारण गप्प होणारं पिल्लू दोनच कारणांनी गप्प होतं. वाटेत दोनदा थांबून त्यानं टोपली उघडली. दुसऱ्यांदा त्यातलं एक बाहेर काढून दगडावर ठेवलं. मग पुन्हा पळायला लागला.

आक्का ओसरीत तांदूळ निवडत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं.

“आक्का, कोंबडी कुठाय?”

“परड्यात.”

“परड्यात? बसलीया न्हवं ती? तिच्याखाली घालायचीत ही. लई वेळ न्हाई.”

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं. “तू न्हाई म्हणलास. मग रिकामी बसवून काय करू? नुसती सुकली असती. म्या तिचं खुडूक मोडलं.”

खुडूक कसं मोडतात हे निवृत्तीला ठाऊक होतं. कोंबडीला तीन दिवस गार पाण्यात बुडवायचं, नाकपुड्यांतून एक पीस आरपार घालायचं, उजेडात मोकळं सोडायचं. पोटाची कातडी गार झाली की तो रस पाझरायचा थांबतो, आणि आठवड्याभरात ती पुन्हा अंड्यावर येते. आजी-पणजीपासून सगळ्या बायका हेच करत आल्या होत्या. आक्काच्या कोंबडीनं काल अंडंही घातलं होतं.

तरी त्याला ते खरं वाटेना. त्यानं परड्यातून कोंबडी धरून आणली, घरात अंधार केला, एक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवलं. आक्का नको म्हणत होती. कोंबडी उठली, तिनं मान वाकडी करून त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं आणि टोचलं. डोक्यातच टोचलं. निवृत्तीनं हात घालेपर्यंत दुसऱ्यांदा टोचलं. तो ते मेलेलं पिल्लू हातात घेऊन बसून राहिला.

“नऊ हायती का अजून?” आक्कानं विचारलं.

“नऊ.”

“मग बसलास काय? अंगी काढ. वल्ली हाय.”

तिनं चूल पेटवून दार अर्धं उघडं टाकलं, म्हणजे धूर जाईल आणि ऊब राहील. त्याला कोरडं धोतर आणि गोधडी दिली. मग लुगड्याचा पदर सोडून तो पोटाशी दुहेरी खोचला आणि त्यात पाच पिल्लं एकेक करून ठेवली. उरलेली चार तिनं त्याच्या उघड्या छातीवर ठेवून वरून गोधडी लपेटली. माणसाचं अंग सदतीस अंशांचं असतं, पिल्लाला पस्तीस लागतात, हे निवृत्ती गेली चार वर्षं पोपटासारखं शिकवत होता. त्यातल्या पहिल्या आकड्याचा दुसऱ्याशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चार गार गोळे त्याच्या बरगड्यांना चिकटले तेव्हा त्याला शहारा आला.

“उताणा पडून ऱ्हा. झोपू नकोस, चेंगरतील,” ती म्हणाली. “मला ठावं हाय. तू असाच गार पडला हुतास आई गेली तवा.”

तो दिवस, दुसरा दिवस आणि तिसरा दिवस त्यांनी असेच काढले. आळीपाळीनं एक जण उठून चुलीत लाकूड सारायचा, कोमट पाण्यात बोट बुडवून थेंब थेंब चोचीला लावायचा. तांदळाची कणी दातानं बारीक करून आक्का तळहातावर धरायची. पहिल्या दिवशी दोन गेली, दुसऱ्या दिवशी एक. गेलेलं पिल्लू आधी गप्प होतं, मग जड होतं. प्रत्येक वेळी निवृत्तीला वाटे की आता उरलेलीही जाणार, आणि आपणही इथेच पडून राहावं. कोंबडी रात्री घरातच डालग्याखाली कोंडलेली असायची. पिशवीतला कानोसा त्यानं सवयीनं भिंतीला लावला होता. तो ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हाची तिरीप आत आली. सहा पिल्लं होती. गोधडीतून आवाज आला, बारीक, तुटक, वर चढणारा. मग पदरातून दुसरा. दोघंही हलली नाहीत.

निवृत्तीला राहवलं नाही. “आक्का, तुला तीन गुण कमी पडलं हुतं.”

ती छताकडे बघत होती. “निस्तं तीन?”

“व्हय.”

“मला वाटलं काय बी आलं न्हाई मला. हे समदं म्या चुकीचं शिकले, असं वाटलं.” तिनं पदरातलं पिल्लू सावरलं. “आणि तुझ्या हातात किती असतात?”

खोटं बोलता आलं असतं. “पाच,” तो म्हणाला.

आक्कानं खोचलेला पदर सोडला, दोन पिल्लं ओंजळीत घेऊन त्याच्या छातीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकत उठून चुलीपाशी गेली. पाठमोरी बसून फुंकणीनं फुंकत राहिली. विस्तव चांगला धडाडला होता, तरी ती फुंकत होती. निवृत्तीला उठून तिच्यापाशी जायचं होतं. पण अंगावर सहा पिल्लं होती आणि त्याला हलता येत नव्हतं. तो पडल्या पडल्या रडला.

संध्याकाळच्या आत फोन लागू लागले. घोरपडे बाईंचा आवाज बसलेला होता. तिन्ही घरांचं त्यांना कळलं होतं. सहा जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारलं की कोणत्या परवानाधारकाकडे आहेत. मोकाशी बाईंकडे वीज आली आहे, तिकडे लगेच हलवा, असं त्यांनी सांगितलं. विनापरवाना जागी मोठ्या पक्ष्याबरोबर सापडलेली पिल्लं नियमानं नष्ट करावी लागतात, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. तो नियम त्या नऊ पोरांनंतर त्यांनीच लिहिला होता. मधे ओढा आहे, पाच कोसांची वाट आहे, आणि पिल्लांचा जीव कंठाशी आलेला. टोपलीतून आणताना काय झालं ते निवृत्तीनं पाहिलं होतं.

“तिथे परवाना आहे का, माने?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“दहा मिनिटांत कळवतो,” तो म्हणाला.

त्यानं एक हात गोधडीबाहेर काढून भिंतीवरचा कानोसा उतरवला. तीन दिवसांची परीक्षा पुरी झाली होती, आकडा तयार होता. ऊब देणारं साधन: आढळलं नाही. मोठा पक्षी: खोलीत आढळला. एकूण छप्पन्न. मागच्यापेक्षाही एक कमी.

त्यानं अर्जदाराच्या जागी ‘चांगुणा’ हे नाव घातलं आणि निरीक्षकाच्या हातातले पाच गुण दाबले. एकसष्ट. पण यंत्र तेवढ्यावर सोडत नव्हतं. पाच गुणांपुढे एक रिकामी चौकट उघडली, कारण लिहिल्याशिवाय परवाना निघणार नव्हता. चार वर्षांत ती चौकट त्यानं पहिल्यांदाच पाहिली. हे कारण जिल्ह्यात वाचलं जाईल, फलकावर लागेल, नोकरीही जाईल, हे त्याला माहीत होतं. आणि ज्या एका गोष्टीला तो एवढा घाबरत आला होता तिच्याशिवाय दुसरं खरं कारण त्याला सापडेना.

एका बोटानं त्यानं लिहिलं: अर्जदार माझी बहीण आहे. मला तिनंच वाढवलं.

आक्कानं चुलीपासूनच विचारलं, “काय करतुयास?”

“काय न्हाई,” तो म्हणाला, आणि पिल्लांवर गोधडी ओढून घेतली.